‘लचक’च ना, दुसरे काय!

आपल्या बोलण्यात काही शब्द मोठे सोयीचे असतात. ते उच्चारले की प्रश्न सुटत नाही, पण मिटतो. पोराला ताप आला, ‘नजर लागली’. म्हातारीला चक्कर आली, ‘पित्त झाले’. आणि मैदानावर कोणी पाय धरून कोसळले, की ‘लचक भरली’! शब्द मिळाला की जमलेली माणसे पांगतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो. माझी आजची तक्रार कोणा माणसाविरुद्ध नाही. ह्या शेवटच्या शब्दाविरुद्ध आहे.

वार्षिकांकात खेळाडूने लिहायचे म्हणजे ‘आमच्या संघाची घोडदौड’ अशा मथळ्याचा वृत्तांत लिहायचा आणि त्याखाली चषकासह छायाचित्र द्यायचे, असा प्रघात आहे. गेल्या वर्षीच्या अंकातल्या त्या छायाचित्रात डावीकडून तिसरी मी उभी आहे. नीट पाहिलेत तर दिसेल, की माझा सगळा भार डाव्या पायावर आहे. उजव्या गुडघ्याच्या आतला एक दोर तेव्हा तुटलेला होता. हे मला ठाऊक नव्हते, संघाला नव्हते, घरी नव्हते आणि सरांनाही नव्हते. आम्ही सगळे हसत होतो.

घडले ते थोडक्यात सांगते. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा उपान्त्य सामना होता. माझी चढाई होती. बोनस रेषा ओलांडून मी परत वळले, तोच कोपऱ्यावरच्या मुलीने माझा घोटा धरला. पाऊल मॅटवर रुतलेले, आणि अंग मात्र मध्यरेषेकडे फिरलेले! गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. मी खाली बसले. चारी बाजूंनी आवाज आले, “काई नाई झालं वं, लचक भरली. उठ, चालून पाय!” मी उठले आणि चाललेही. टाळ्या झाल्या. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

दिवस सोयाबीनच्या मळणीचे होते. बाबा रात्री उशिरा शेतातून आले. आजीने आंबेहळदीचा लेप घातला आणि म्हणाली, “शेकून काढू, चार दिसात पयशीन.” मामाने शेजारच्या गावी पाय चोळून देणाऱ्या एका बुवांकडे नेले. त्यांनी तीन दिवस पाय ओढला, चोळला. मी ओरडले, तेव्हा ‘शिरेवर शिर चढली होती, ती बसली’ असे सांगण्यात आले. नंतर एक्स-रे काढला. हाड शाबूत! घरात जणू सण झाला. हाड मोडले नाही ना, मग झाले तर!

तीन आठवड्यांत सूज उतरली, दुखणे ओसरले, आणि खरा घात तिथे झाला. माझे ध्येय पोलीस भरतीचे. आपल्या वाशिम जिल्ह्यात पहाटे कुठल्याही गावाच्या फाट्यावर उभे राहा. धावणाऱ्या मुलामुलींचा एक तरी घोळका दिसेल. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर. मैदानी परीक्षेचे ५० गुण. त्या ५० गुणांवर कितीतरी घरांचे डोळे लागलेले असतात. मीही धावू लागले. सरळ रेषेत धावताना काहीच वाटत नसे. पण कधी पायऱ्या उतरताना, कधी बांधावरून उडी मारताना गुडघा आतल्या आत निसटल्यासारखा व्हायचा. मी कोणाला बोलले नाही. ‘मुलीला कशाला हवी कबड्डी’ असे म्हणणारे नातेवाईक तयारच होते. त्यांच्या हाती कोलीत कशाला द्या? मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी वळणावर पाय वळला, गुडघा पुन्हा निसटला आणि ह्या वेळी अर्ध्यावर अडकला. सरळही होईना, वाकेही ना.

मग अकोला, एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञ. ते शांतपणे म्हणाले, “मुली, दोर पहिल्याच दिवशी तुटला होता. तू त्या गुडघ्यावर धावत राहिलीस, म्हणून आता गादीही फाटली.” दोर तुटला तो खेळात, त्याचा मला विषाद नाही. गादी फाटली ती ‘लचक’ ह्या शब्दामुळे. हा लेख त्या दुसऱ्या दुखापतीबद्दल आहे.

आता हा दोर कोणता, हे आपण कला शाखेच्या लोकांनीही समजून घेण्यासारखे आहे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक म्हणजे दोन गोल उंचवटे. ते नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असतात. खुब्याचा सांधा उखळात मुसळ बसावे तसा बसतो. गुडघ्याचे तसे नाही. सपाट पाटावर दोन चेंडू ठेवावेत असा हा मामला आहे. मग गुडघा घसरत का नाही? मांडवाचा खांब जसा तणाव्यांनी उभा राहतो, तसा तो अस्थिबंधांनी, म्हणजे लिगामेंटांनी, बांधलेला असतो. दोन बंध बाजूंना, एक आतल्या अंगाला व एक बाहेरच्या. आणि दोन सांध्याच्या मध्यभागी, फुलीसारखे एकमेकांना छेदून गेलेले. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याने ह्या फुलीवरूनच त्यांना नाव दिले, आणि तेच आजही चालते : क्रुशिएट. त्यांतला पुढचा तो अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट. खेळाडूंच्या भाषेत ‘एसीएल’.

हा बंध जेमतेम ३ सेंटिमीटर लांब, करंगळीएवढा जाड. मांडीच्या हाडाच्या मागच्या भागातून निघून तो नडगीच्या माथ्याच्या पुढच्या भागात रुजतो. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघा आत पिळला जाऊ न देणे, ही त्याची दोन कामे. तरुण माणसात हा एवढासा दोर सुमारे २०० किलो वजनाइतका ताण सोसतो. तरीही तो तुटतो, कारण पाऊल जमिनीला खिळलेले असताना अंग वळले आणि गुडघा आत कोसळला, की पापणी लवायच्या आत त्याच्या ताकदीबाहेरचा ताण पडतो. बहुतेक वेळा तर कोणाचा धक्काही लागलेला नसतो. वेगात दिशा बदलणे, उडीवरून ताठ पायाने उतरणे, एवढेही पुरते. आपले कबड्डी आणि खो-खो हे खेळ म्हणजे दुसरे काय? थांबणे, वळणे आणि पुन्हा झेपावणे! शिवाय कबड्डीत पकडही आहे.

गादी म्हणजे ह्या दोन हाडांमध्ये असलेल्या कूर्चेच्या दोन चंद्रकोरी. त्या धक्के झेलतात. दोर तुटलेल्या गुडघ्यात हाडे घसरतात आणि गादी त्यांच्यात चिरडते. गादी गेली की पुढे काही वर्षांत सांध्याची झीज, म्हणजे म्हातारपणाची गुडघेदुखी तरुणपणीच दारात येते.

मग डॉक्टरांकडे जायचे केव्हा? माझ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो, चार खुणा पाठ करा. पडताना आत ‘टक्’ असा आवाज किंवा तशी जाणीव. काही तासांतच आलेली सूज, कारण दोर तुटला की सांध्याच्या आत रक्त साठते. साध्या मुरगळीची सूज सहसा सावकाश येते. खेळ पुढे चालू ठेवता न येणे. आणि नंतर कधी तरी गुडघा निसटल्याची भावना. चौथी खूण दिसेपर्यंत थांबू नका. पहिल्या दोन पुरेशा आहेत. वेदना ओसरली ह्यावर मात्र मुळीच जाऊ नका. वेदना दोन-तीन आठवड्यांत जातेच. दोर परत येत नाही.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोर दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ ह्याचा अर्थ ‘गुडघा चांगला आहे’ असा होत नाही. पण एमआरआयवाचून काहीच कळत नाही, हेही खरे नाही. जाणकार डॉक्टर गुडघा किंचित वाकवतात, एका हाताने मांडी धरतात, दुसऱ्या हाताने नडगी हळूच पुढे ओढतात आणि दोन्ही पायांची तुलना करतात. हिला लॅकमन चाचणी म्हणतात. अमेरिकेतील जॉन लॅकमन ह्या अस्थिरोगतज्ज्ञ शिक्षकाचे नाव तिला आहे आणि १९७६ साली ती छापून प्रसिद्ध झाली. हिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, अर्धा मिनिट पुरतो. लागतो तो शिकलेला हात. माझ्या गुडघ्याला तो पहिल्या दहा दिवसांत लागला नाही. पुढचे चार महिने मी अंधारात धावले.

कोणी म्हणेल, चोळणाऱ्या बुवांना नावे ठेवणे हा शिकलेल्यांचा छंद आहे. मला तो नाही. रात्री-बेरात्री दारात उभे राहणारे, पैशांची वाट न पाहणारे ते लोक आहेत, आणि दवाखाना दूर असताना त्यांनीच आधार दिला आहे. पण सांध्याच्या आत तुटलेला दोर बाहेरून चोळून जुळत नाही, हे शरीरशास्त्र आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. साध्या जखमेवर रक्ताची खपली धरते आणि तिच्या आधाराने नवे पेशीजाल विणले जाते. हा दोर सांध्याच्या वंगणात बुडालेला असतो. तिथे खपली टिकतच नाही. म्हणून त्याची टोके बहुधा आपसूक सांधत नाहीत. उलट ताज्या दुखापतीत ओढाताण केली, तर जे शाबूत आहे तेही जायचे.

ऑपरेशनविषयीही आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. एक, ‘गुडघ्याला सुरी लागली की पाय गेला’. दुसरी, ‘ऑपरेशन झाले की महिन्याभरात मैदानात’. दोन्ही चूक. ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट फार भिडली. इंग्लंडमध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन ह्या शल्यचिकित्सकाने १८९५ साली गुडघ्यातले तुटलेले फुलीबंध शिवले. तो रोगी कोण होता? कोणी नामांकित खेळाडू नव्हे, कोणी सरदार नव्हे. तो कोळशाच्या खाणीत मातीखाली सापडलेला मजूर होता, आणि ऑपरेशननंतर तो पुन्हा कामावर गेला. गुडघ्याचा बंध सांधण्याची विद्या सुरू झाली ती एका कष्टकऱ्याला पायावर उभे करण्यासाठी. ‘हे सगळे क्रिकेटवाल्यांचे चोचले’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नुसते शिवणे पुढे फारसे टिकत नाही असे दिसून आले. १९१७ साली हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाचा पट्टा घेऊन नवा बंध घातला. पुढे गुडघ्याच्या वाटीखालची मजबूत शिर वापरात आली. १९८० मध्ये इंग्लंडातल्याच डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीतून हे काम केले आणि सांधा उघडा करण्याची गरज संपत आली. आज दोर शिवण्यापेक्षा नवा बसवण्याची रीत आहे. रोग्याच्याच मांडीमागच्या स्नायूंच्या एक-दोन दोऱ्या काढून त्यांच्या घड्या करतात, दोन्ही हाडांत बोगदे पाडतात, त्यांतून ती जुडी ओवतात आणि दोन्ही टोके पक्की करतात. माझ्या गुडघ्यात तेच केले. चार लहान व्रण आहेत. ‘मुलीच्या पायावर व्रण, आता स्थळे कशी यायची?’ अशी चिंता एका काकूंनी बोलून दाखवली. निसटणाऱ्या गुडघ्याने आयुष्यभर निंदणाला बसायचे कसे, ही चिंता त्यांना का पडली नाही, असे माझ्या मनात आले. पण वडीलधाऱ्या माणसांना उलट बोलू नये, म्हणून इथे लिहिते.

हा नवा दोर बसला म्हणजे काम झाले नाही. तो आधी मेलेल्या दोरासारखा असतो. शरीर त्यात हळूहळू रक्तवाहिन्या पाठवते, त्याला आपला करते. ह्या उलाढालीत पहिल्या काही महिन्यांत तो उलट कमकुवत होतो. दुखत नसते, चालता येते, आणि तेव्हाच तो सर्वांत नाजूक असतो! पुन्हा तोच सापळा : वेदना नाही म्हणजे धोका नाही, असे वाटते. रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासात, २०१६ साली, असे दिसले की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. नऊ महिने म्हणजे आपल्या दोन सत्रांहून अधिक काळ. त्या काळात पाय पूर्ण सरळ करायला शिकणे, वाळून गेलेली मांडी पुन्हा भरणे, एका पायावर तोल, मग उडी. खेळात परतण्याआधी दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरावी लागते. माझा दहावा महिना सरला आहे. माझी उडी अजून तिथवर पोचलेली नाही. म्हणून मी अजून मैदानाबाहेर आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच, असेही नाही. प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे. स्वीडनमध्ये १२१ तरुण रोग्यांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्ध्यांचे ऑपरेशन लवकर केले; उरलेल्यांना आधी नीट व्यायाम दिला आणि गुडघा निसटतच राहिला तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना तोवर ऑपरेशन लागलेच नव्हते. पण ध्यानात घ्या, त्यांना ‘लचक’ म्हणून सोडून दिले नव्हते. काय तुटले हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते, आणि कोणीतरी शिस्तीने व्यायाम करवून घेत होते.

मोठ्या खेळाडूंकडे पाहिले म्हणजे हाच फरक दिसतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, शेतकरी आईबापांचे पुत्र अविनाश साबळे यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी त्यांचा पाय चुकला. एसीएल आणि गादी, दोन्ही गेले. म्हणजे माझेच दुखणे! महिना उलटायच्या आत मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरातली टोकिओची जागतिक स्पर्धा त्यांना सोडावी लागली. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांचा ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला, आठवड्याभरात गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आणि ते मैदानात परतले मार्च २०२४ मध्ये. विनेश फोगट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधून स्ट्रेचरवर बाहेर गेल्या आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्णपदक घेऊन आल्या. त्यांना पैसा, विमान, नामवंत डॉक्टर मिळाले हे खरे. पण ह्याहून मोठी आणि फुकटची गोष्ट त्यांना मिळाली : ‘तुझे अमुक तुटले आहे’ हे कोणीतरी लगेच सांगितले, आणि ‘इतके महिने तू खेळायचे नाहीस’ हे ठणकावले. नाव कळले की उपाय सुरू होतो. आपल्याकडे नावच चुकते.

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळते. आपला विदर्भ खेळाच्या बाबतीत मागासलेला नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, आणि १९३६ मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अशा प्रदेशातल्या आम्ही मुली चषक आणतो. प्राचार्य सत्कार करतात, पेढे वाटतात. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण खेळाडू पडल्यावर तिचे आणि महाविद्यालयाचे नाते काय? माझा अनुभव असा, की प्रेमाने चौकशी सगळ्यांनी केली. जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. एका हंगामाचे सोयाबीन माझ्या गुडघ्यात गेले. क्रीडाशिक्षकांना मी दोष देत नाही. एकटा माणूस चार संघ, प्रवासाची बिले आणि मैदानाची आखणी सांभाळतो. त्याने डॉक्टरही व्हावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून मागण्या लहान ठेवते. त्यांना अनुदान लागत नाही. पहिली : सरावाआधी नुसत्या दोन फेऱ्या मारून ‘झाला वॉर्म-अप’ म्हणणे बंद करावे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तयार केलेला वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे. त्यात तोल, मांडीची ताकद, गुडघा आत न पडू देता उडीवरून उतरणे, हे शिकवतात. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर त्याचा प्रयोग झाला आणि दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. फुटबॉल, बास्केटबॉल ह्यांसारख्या खेळांत मुलींचा हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आढळले आहे. तेव्हा मुलींच्या संघाला हा क्रम आधी हवा. ह्याला चटईसुद्धा लागत नाही. जिन्याखालची मोकळी जागा पुरते.

दुसरी : एक वही. कोण, केव्हा, कसे पडले, आवाज आला का, सूज किती तासांत आली, कोणत्या डॉक्टरांनी पाहिले. वहीत नोंद झाली की ‘लचक’ म्हणून पांगणे अवघड होते. सूज आलेल्या खेळाडूला त्या स्पर्धेत पुन्हा उतरवायचे नाही, हा नियम त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

तिसरी : आपल्या वाशिमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा होऊन २६ वर्षांनी का होईना, ते आले. तिथल्या अस्थिरोग विभागातल्या एका प्राध्यापकांना वर्षातून एक दिवस आपल्या सभागृहात बोलवावे. साहित्य मंडळाच्या उद्घाटनाला आपण कवी बोलावतोच. क्रीडा मंडळाच्या उद्घाटनाला गुडघा समजावून सांगणारा माणूस बोलवायला काय हरकत आहे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपले ऑपरेशन योजनेच्या यादीत बसते का, हे त्याला आधी विचारायचे असते, एवढे जरी आमच्या घरी कोणी सांगितले असते तरी बाबांच्या चार रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

ह्यावर ‘खेळात लागायचेच, एवढे काय बाऊ करायचा’ असे म्हणणारे आहेत. त्यांना खिलाडूवृत्ती प्रिय आहे, मलाही आहे. पण दुखणे सोसून खेळणे ही खिलाडूवृत्ती की अज्ञान, हे दुखणे कोणते आहे ते कळल्याशिवाय ठरत नाही.

शेवटी एक घटना सांगून थांबते. यंदाच्या स्पर्धेत मी गुडघ्याला पट्टा बांधून रेषेबाहेर उभी होते. आमच्या संघातली प्रथम वर्षाची एक मुलगी पकडीत सापडून पडली आणि गुडघा धरून बसली. लगेच ओळखीचे आवाज आले : “लचक हाये, उठ वं!” ती उठू लागली. मी आत गेले आणि म्हटले, “सर, हिला खेळवू नका. आधी दाखवून आणू.” सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. सामना रंगात होता, आणि ती आमची उत्तम पकडपटू होती. मग त्यांनी बदली खेळाडू उतरवली. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. त्याच दुपारी अस्थिरोगतज्ज्ञांनी तिचा गुडघा हाताने तपासला. फुलीबंध शाबूत होते. आतल्या बाजूचा बंध ताणला गेला होता. तो सांध्याच्या बाहेर असतो, त्याला रक्त मिळते, तो विश्रांतीने भरून येतो. सहा आठवडे पट्टा, मग व्यायाम. ती आता धावते आहे.

वसतिगृहात मुली मला हसल्या. “पाहा ताई, लचकच निघाली ना! उगीच सामना घालवला.” मीही हसले. हो, लचकच निघाली. पण ह्या वेळी ती लचक आहे असे कोणी तरी तपासून सांगितले होते. आम्हाला एक चषक कमी मिळाला आणि एक गुडघा जास्त. माझ्या हिशेबी हा सौदा फायद्याचा आहे. तुमच्या हिशेबी कसा बसतो, ते पुढच्या वेळी मैदानावर कोणी पडेल तेव्हा ठरवा.

— बी. ए. तृतीय वर्ष